थेंबभर रक्ताची साक्ष

पर्युषणात कल्पसूत्राचे वाचन सुरू असते, तेव्हा एका प्रसंगापाशी सारी सभा स्तब्ध होते. आपल्या हालचालीने मातेला पीडा होऊ नये, म्हणून गर्भस्थ भगवान निश्चल होतात. त्रिशलामातेला त्या करुणेची कल्पना नसते. गर्भ हलत नाही, एवढी एकच खूण तिच्यापाशी असते आणि त्या खुणेवरून गर्भ गेला असे समजून ती शोक करू लागते. राजवाड्यातील वाद्ये थांबतात. मातेचे दुःख जाणून भगवंत किंचित हालचाल करतात आणि माता-पिता हयात असेपर्यंत दीक्षा न घेण्याचा संकल्प करतात. श्वेतांबर परंपरेतील घरोघरी ही कथा ठाऊक आहे. तिच्यातील एक बारकावा मात्र सहसा लक्षात घेतला जात नाही. मातेला जाणवलेली खूण खरी होती. तिच्यावरून काढलेला निष्कर्ष खरा नव्हता.

वेळेआधी जन्मलेल्या आणि जीवनमरणाच्या सीमेवर असलेल्या बाळाबाबत आजही कुटुंबे याच जागी उभी असतात. आता खूण यंत्र सांगते. टाचेला सुई टोचून घेतलेल्या थेंबभर रक्तातून काही आकडे निघतात आणि काचेबाहेर उभे असलेले वडील किंवा आजोबा डॉक्टरांना एकच प्रश्न विचारतात, ‘बाळ वाचेल का?’ त्या आकड्यांना या प्रश्नाचे उत्तर खरोखर देता येते का, आणि देता येत असेल तर किती, हे समजून घेणे प्रत्येक कुटुंबाच्या हिताचे आहे.

वाटेवरचा वेळ

ठाणे जिल्ह्यातील शहापूर आणि मुरबाड हे तालुके मुंबई परिसरातील जैन समाजाला अपरिचित नाहीत. मानस मंदिराच्या दर्शनासाठी असंख्य कुटुंबे शहापूरला जातात. माळशेज घाटाची वाट मुरबाडवरून जाते. मुंबईची तहान भागवणारी भातसा आणि तानसा ही धरणे शहापूर तालुक्यातच आहेत. मात्र महामार्ग सोडून डोळखांब, वाशाळा किंवा टोकावडे यांच्या पलीकडे गेले की कातकरी, ठाकूर, महादेव कोळी, वारली समाजाचे पाडे लागतात. यांतील काही पाड्यांवरून पावसाळ्यात गर्भवतीला झोळीत किंवा डोलीत घालून पक्क्या रस्त्यापर्यंत आणावे लागते. भातकापणी आणि दिवाळी उरकली की अनेक कातकरी कुटुंबे भिवंडी-कल्याणकडील वीटभट्ट्यांवर जातात. त्यांत गर्भवती स्त्रियाही असतात. नोंद एका गावी, काम दुसऱ्या गावी आणि प्रसूती कदाचित तिसऱ्याच ठिकाणी, असे त्यांचे होते.

गर्भाचे ३७ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेल्या बाळाला अकाली जन्मलेले बाळ म्हणतात. ३२ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बाळाची फुप्फुसे अपुरी असतात, त्वचा पातळ असते, अंगावर चरबी जवळजवळ नसते आणि रोगप्रतिकाराची शक्ती क्षीण असते. त्याच्या दृष्टीने जन्मानंतरचा पहिला तास सर्वांत मोलाचा. हा तास एका सामायिकाहून फक्त बारा मिनिटांनी मोठा आहे. शहरातील बाळाला त्या वेळात उबदार पाळणा, प्राणवायू आणि तज्ज्ञ डॉक्टर मिळू शकतात. दूरच्या पाड्यावरील बाळाचा तोच तास बऱ्याचदा वाटेवर जातो.

रक्त काय सांगते

एक किलो वजनाच्या बाळाच्या अंगात सगळे मिळून सुमारे ८० ते १०० मिलीलीटर रक्त असते, म्हणजे चहाच्या एका लहान कपाइतके. त्यातून एक मिलीलीटर काढले तरी शंभरावा भाग जातो. वारंवार केलेल्या तपासण्यांमुळेच अशा बाळांना रक्तक्षय होतो आणि पुढे बाहेरचे रक्त द्यावे लागते. म्हणून चांगल्या कक्षात प्रत्येक थेंबाचा हिशेब ठेवला जातो. आपल्या आचारात जिला यतना म्हणतात, तीच दृष्टी येथे वैद्यकीय नियम म्हणून येते.

या थेंबांतून प्रथम पाहिली जाते ती साखर. अकाली बाळाच्या यकृतात साखरेचा साठा फार थोडा असतो आणि थंडीत तो झपाट्याने संपतो. प्रति डेसीलीटर ४५ मिलीग्रॅमच्या खाली साखर गेली की आपल्याकडे ती धोक्याची मानतात. मधुमेही माणसाच्या घरी असते तसल्याच लहान यंत्रावर ती क्षणात कळते आणि तिचा उपायही तत्काळ करता येतो.

दुसरी साक्ष आम्लतेची. शरीरातील पेशींना पुरेसा प्राणवायू मिळाला नाही तर त्या प्राणवायूविना ऊर्जा निर्माण करू लागतात आणि लॅक्टेट नावाचे द्रव्य साठू लागते. रक्ताची आम्लता वाढते. लॅक्टेट जास्त आणि आम्लता तीव्र असेल तर बाळाच्या अवयवांना रक्तपुरवठा कमी पडत आहे असा अर्थ निघतो. मात्र जन्माच्या श्रमामुळे निरोगी बाळाचे लॅक्टेटही पहिले काही तास वाढलेले असते. टाच गार असेल किंवा रक्तासाठी ती जोराने पिळली असेल, तरीही आकडा फुगतो. त्यामुळे एका आकड्यापेक्षा काही तासांनी घेतलेला दुसरा आकडा अधिक बोलका ठरतो. उपचारानंतर लॅक्टेट उतरू लागले तर तो आशेचा संकेत. चढतच राहिले तर चिंता खरी.

तिसरी साक्ष जंतुसंसर्गाची. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेतील टिलेट आणि फ्रान्सिस यांना १९३० मध्ये न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात एक प्रथिन आढळले. तेच आज सीआरपी या नावाने ओळखले जाते. दाह सुरू झाला की यकृत ते तयार करते. पण रक्तात ते वाढायला दहा-बारा तास लागतात. म्हणून आजारपणाच्या पहिल्या घटकेला सीआरपी सामान्य आले तरी निर्धास्त होता येत नाही. चोवीस तासांच्या अंतराने दोनदा सामान्य आले, तर मात्र संसर्ग नसावा असे बऱ्याच खात्रीने म्हणता येते. उलट, कष्टाच्या प्रसूतीनंतर संसर्ग नसतानाही ते वाढू शकते. प्रोकॅल्सिटोनिन ही नवी तपासणी लवकर इशारा देते. परंतु निरोगी नवजाताच्या रक्तातही पहिले दोन दिवस ते स्वाभाविकपणेच वाढते. वयाचे तास लक्षात न घेता तो आकडा वाचणारा फसतो.

चौथी साक्ष नेहमीच्या रक्तगणनेतील आहे. बिंबाणूंची, म्हणजे प्लेटलेटची संख्या दीड लाखाच्या खाली जाऊन घसरतच राहिली तर गंभीर संसर्गाची शंका बळावते. तांबड्या पेशींच्या आकारांतील विषमता मोजणारा आरडीडब्ल्यू हा आकडा याच अहवालात छापलेला असतो. आजारी नवजातांमध्ये तो वाढलेला असणे आणि मृत्यूचा धोका जास्त असणे यांचा संबंध अलीकडे अभ्यासला जात आहे. मात्र अकाली बाळांत तो मुळातच जास्त असतो, हे विसरता येत नाही.

रक्तातील जंतू वाढवून पाहण्याची तपासणी, म्हणजे कल्चर, ही संसर्गाची सर्वांत भक्कम साक्ष मानली जाते. तिलाही मर्यादा आहेत. दिल्लीतील तीन मोठ्या रुग्णालयांत २०११ ते २०१४ या काळात झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १४.३ टक्के नवजातांना जंतुदोष झाल्याचे निदान झाले. कल्चरमध्ये जंतू सापडले ते ६.२ टक्के बाळांतच. शिवाय अहवाल यायला एक-दोन दिवस लागतात. तोवर थांबणे बाळाला परवडत नाही, म्हणूनच इतर खुणांचा आधार घ्यावा लागतो.

एक नय, पूर्ण सत्य नव्हे

एकटा आकडा फसवू शकतो, हे डॉक्टरांनाही ठाऊक असते. म्हणून अनेक खुणा एकत्र करणाऱ्या गुणपद्धती तयार झाल्या. १९९३ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ‘क्रिब’ नावाची पद्धती प्रसिद्ध झाली. तिच्यात बाळाचे वजन, गर्भाचे आठवडे, जन्मजात व्यंग, पहिल्या बारा तासांतील रक्ताची आम्लता आणि लागलेला प्राणवायू यांना गुण दिलेले होते. गुण जितके अधिक, तितका धोका अधिक. परंतु प्राणवायू किती द्यायचा हे डॉक्टरही ठरवतात, केवळ आजार ठरवत नाही, असा आक्षेप आला. २००३ च्या सुधारित पद्धतीत पाचच गोष्टी उरल्या: बाळ मुलगा की मुलगी, वजन, आठवडे, दाखल होतानाचे शरीराचे तापमान आणि रक्तातील आम्लतेचे मान.

या यादीत दोन गोष्टी ध्यानात घेण्याजोग्या आहेत. पाचांपैकी रक्त लागते ते एकाच गोष्टीसाठी. आणि तापमान ही अशी गोष्ट आहे, जी आईच्या तळहातालाही कळते. पोट गरम पण पाय गार लागले तर बाळाला थंडी बाधू लागली आहे. पोटही गार लागले तर धोका मोठा आहे.

अशा पद्धती मुळात कशासाठी रचल्या गेल्या, हेही समजून घ्यावे लागते. एका रुग्णालयात अधिक आजारी बाळे येत असतील तर तेथे मृत्यूही अधिक दिसणार. तेव्हा रुग्णालयांची तुलना न्याय्य व्हावी, हा ‘क्रिब’चा एक मुख्य हेतू होता. समजा, विशिष्ट गुण असलेल्या शंभर बाळांपैकी साठ दगावतात असे अनुभवाने दिसले. याचा अर्थ चाळीस जगतात. समोरच्या पाळण्यातील बाळ त्या साठांतले की चाळीसांतले, हे तो आकडा सांगू शकत नाही. ज्या रुग्णालयांत तो अनुभव गोळा झाला, तेथील सोयी आणि येथील सोयी सारख्या नसतील, तर शंभरांतील साठ हे प्रमाणही तसेच्या तसे लागू होत नाही.

अनेकान्ताच्या संस्कारात वाढलेल्या मनाला हे नवे वाटू नये. प्रत्येक नय वस्तूची एक बाजू खरेपणाने सांगतो. तोच संपूर्ण सत्य आहे असा आग्रह धरला की तो दुर्नय होतो. लॅक्टेट एक नय आहे, सीआरपी एक नय आहे, वजन एक नय आहे. ‘स्यात्’ म्हणजे अमुक अपेक्षेने. तो शब्द काढून टाकला की आकड्याचा निवाडा होतो.

हा निवाडा कधीकधी रुग्णालयाच्या दारातच होतो. ‘रिपोर्ट चांगले नाहीत’ एवढे ऐकून बाळाला घरी नेण्याचे निर्णय घेतले जातात. गरीब घरात खर्चाची आणि बुडणाऱ्या मजुरीची भीती असते. सुस्थितीतील घरात कोणी वडीलधारे म्हणतात, ‘आयुष्यकर्म जेवढे, तेवढेच.’ परंतु काल, स्वभाव, नियती आणि पूर्वकर्म यांच्या जोडीला शास्त्रकारांनी पुरुषार्थही सांगितला आहे. आयुष्यकर्म किती, हे रक्ताच्या अहवालात लिहिलेले नसते. अहवाल सांगतो ते इतकेच, की या बाळाला आत्ता अधिक पुरुषार्थाची गरज आहे.

गडचिरोलीचे सात प्रश्न

रक्त न काढताही धोका ओळखता येतो, याचा मोठा दाखला महाराष्ट्रातच आहे. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळाच्या घरगुती काळजीचे शिक्षण दिले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तेथील नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटले. पुढे २००५ मध्ये या अनुभवावरून सात लक्षणांची यादी प्रसिद्ध झाली: बाळाचे चोखणे कमी होणे किंवा थांबणे, रडणे क्षीण होणे किंवा थांबणे, हातपाय सैल पडणे, उलट्या होणे किंवा पोट फुगणे, अंग गार लागणे, श्वास घेताना छाती आत ओढली जाणे आणि नाळेत पू होणे. यांपैकी कोणतीही दोन एकत्र दिसली की जंतुदोष समजून उपचार करावा किंवा रुग्णालयात न्यावे, असा तो निकष होता.

ही यादी प्रयोगशाळेशी स्पर्धा करत नाही. प्रयोगशाळा जेथे नाही, तेथे पहिले पाऊल कोणते टाकायचे, हे ती सांगते. २०११ पासून देशभर सुरू झालेल्या गृहभेटींच्या कार्यक्रमामागे गडचिरोलीचाच अनुभव आहे. रुग्णालयात प्रसूती झाली असेल तर आशा कार्यकर्ती ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी बाळाला घरी येऊन पाहते. शहापूर किंवा मुरबाडच्या पाड्यावर तिच्या पिशवीतील तापमापक आणि वजनकाटा हीच पहिली प्रयोगशाळा ठरते.

साखळीतील प्रत्येक कडी

शासकीय रचनेत प्रसूती होते तेथे नवजात काळजीचा कोपरा, त्यावरील रुग्णालयात स्थिरीकरण कक्ष आणि जिल्हा पातळीवर ‘एसएनसीयू’ म्हणून ओळखला जाणारा विशेष नवजात शिशु काळजी कक्ष अशी उतरंड आहे. १,८०० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या किंवा ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बाळाला या विशेष कक्षात ठेवावे, असा संकेत आहे. १ जून २०११ रोजी सुरू झालेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार शासकीय रुग्णालयात आजारी नवजाताचे उपचार, औषधे, तपासण्या, रक्त आणि प्रवास विनामूल्य आहेत. ही माहिती वीटभट्टीवरील मजुरापर्यंत किंवा घरी काम करणाऱ्या बाईंपर्यंत पोचवणे हीसुद्धा सेवा आहे.

अकाली प्रसूतीची चिन्हे दिसताच आईलाच मोठ्या रुग्णालयात हलवणे सर्वांत चांगले, कारण आईच्या पोटाइतके उबदार आणि सुरक्षित वाहन नाही. प्रसूतीआधी आईला दिलेली स्टेरॉइडची इंजेक्शने बाळाची फुप्फुसे लवकर परिपक्व करतात, हे न्यूझीलंडच्या लिगिन्स आणि हॉवी यांनी १९७२ मध्येच दाखवून दिले आहे. बाळ जन्मले असेल तर त्याला कोरडे करून, टोपी घालून, आईच्या किंवा घरातील दुसऱ्या कोणाच्या उघड्या छातीशी धरून न्यावे. निघण्यापूर्वी साखर तपासून घेण्याची विनंती करावी आणि चिठ्ठीवर जन्माची वेळ, वजन, आठवडे व दिलेली औषधे लिहून घ्यावीत. पुढच्या डॉक्टरांना रक्ताचे आकडे वाचायला हीच माहिती लागते.

छातीशी धरण्याचा उपाय साधा वाटतो, पण तो पुराव्याने सिद्ध झाला आहे. भारतासह घाना, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया येथील पाच रुग्णालयांत १ ते १.८ किलोच्या दरम्यान वजनाच्या बाळांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. बाळ स्थिर होण्याची वाट न पाहता जन्मानंतर लगेच त्याला आईच्या छातीशी दिले, तेव्हा २८ दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण १२ टक्के होते. नेहमीच्या पद्धतीत ते १५.७ टक्के होते. रक्ताच्या कोणत्याही तपासणीने स्वतः एकही बाळ वाचत नाही. आईच्या उबेने मात्र वाचते.

तेच आईच्या दुधाचे. मध जैन घरात वर्ज्यच आहे. परंतु गुळाचे पाणी किंवा गुटी चाटवण्याची हौस काही घरांत अजून असते. अकाली बाळासाठी ती धोक्याची आहे. आईचे दूध पुरेसे नसेल तर दूधपेढीचा पर्याय असतो. मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये आशियातील पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली. सुतकाच्या काळात नातलगांची ये-जा कमी असते, त्याचाही लाभ बाळाला करून द्यावा. हात न धुता कोणी त्याला घेऊ नये.

दान कशाचे

आहार, औषध, ज्ञान आणि अभय या चार दानांपैकी औषधदानासाठी समाजातील अनेक संस्था रुग्णालयांना यंत्रे देतात. रक्ताची आम्लता आणि लॅक्टेट मोजणारे यंत्र दिले, की त्यावर नामफलकही लागतो. परंतु त्या यंत्राला लागणारी कार्ट्रिज संपली, ती शीतपेटीत ठेवली गेली नाही किंवा रात्रपाळीला यंत्र चालवणारे कोणी नसले, तर ते कापडाखाली झाकून ठेवावे लागते. देणाऱ्यांनी वर्षभराच्या कार्ट्रिजचा, दुरुस्तीचा आणि परिचारिकेच्या प्रशिक्षणाचा खर्चही दानात धरावा. साखर मोजण्याच्या पट्ट्या, बाळांच्या टोप्या, दूध काढण्याचे पंप, आणि बाळ दाखल असताना बाहेर ताटकळणाऱ्या आईसाठी जेवण व झोपायला जागा, हे दान लहान दिसते. पण आई जवळ राहिली तर दूध मिळते, ऊब मिळते आणि बाळाला अर्धवट उपचारांत घरी नेण्याची वेळ येत नाही.

आणि अहवाल हाती आला की डॉक्टरांना ‘वाचेल का?’ या प्रश्नापाठोपाठ आणखी तीन प्रश्न विचारावेत. हा आकडा काल किती होता? तो सुधारावा म्हणून आता काय केले जात आहे? आणि त्यात घरच्यांनी काय करायचे? यांची उत्तरे मिळू लागली की काचेबाहेर उभे असलेले कुटुंब उपचारात सामील होते. सर्व प्रयत्न होऊनही काही बाळे जातात. तेव्हा आकडे आधीच सांगत होते म्हणून कोणाला दोष देऊ नये, आईला तर मुळीच नाही.

त्रिशलामातेपाशी एकच खूण होती आणि ती खूण निश्चलतेची होती. पुढच्या किंचित हालचालीपर्यंत ती गर्भाला सोडून कोठे गेली नाही, जाऊ शकतही नव्हती. शहापूर-मुरबाडच्या वाटेवरून आलेल्या, मुठीएवढ्या बाळाच्या रक्ताचा पहिला आकडा वाईट आला, तर दुसऱ्या आकड्यापर्यंत त्याच्याजवळ ऊब, दूध आणि माणूस असावे, एवढी व्यवस्था करणे आपल्या हाती आहे. अभयदान याहून वेगळे नाही.